साडेपाच वीत

नाना, तुम्ही गेलात त्याच्या चौदाव्या दिवशी वहिनी शाळेत आल्या. हातात तुमची ती वंगणाने काळी झालेली छोटी डायरी. "बाई, ह्यात तोफंचं हाय समदं. आमाला त्यातलं काय कळत न्हाई," एवढं म्हणून त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि चहाही न घेता निघून गेल्या. मी डायरी उघडली. बोटांचे ठसे ज्या पानावर सगळ्यांत जास्त होते, ते पान आपोआप उघडलं. त्यावर तुमच्या तिरक्या अक्षरात एकच ओळ होती. "चाक, खालपासून वरपर्यंत, साडेपाच वीत."

साडेपाच वीत! पारगावच्या साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर असलेला माणूस, लोखंडावर नुसतं बोट फिरवून केसाइतका फरक सांगणारा, आणि आयुष्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं माप लिहून ठेवलं ते विती​त. मी आधी रागावले, मग हसले, मग ऑफिसचं दार लोटून घेऊन थोडी रडले. या क्रमाने. कारण बाहेर पेठच्या बबन सुतारांचा निरोप येऊन पडला होता, "बाई, बाभळीचं लाकूड वाळून तयार हाय. खंडेनवमीला तीन आठवडे राहिले. माप द्या, मापाबिगर करवत कशी लावू?" आणि माप होतं तुमच्या हातात. तो हात मी कुठून आणणार होते?

आपली ओळख कशी झाली ते तुम्ही सगळ्यांना सांगत असायचात. त्यातला एक तुकडा तुम्हाला ठाऊक नव्हता. निदान मला तसं वाटत आलं आहे. तो आज सांगते.

मी या शाळेत लिपिक म्हणून नवीनच रुजू झाले होते. नवीन वर्गखोल्या बांधायच्या होत्या, म्हणून हेडमास्तरांनी मैदानातलं आणि कोठीतलं निकामी सामान काढून टाकायची यादी करायला सांगितलं. मी डेडस्टॉक रजिस्टर काखेत मारून एका दिवसात सगळी शाळा पालथी घातली. मोडके बाक, फुटका पृथ्वीगोल, बिनदोरीची घंटा. आणि मैदानाच्या कडेला, लिंबाखाली, दगडांवर टेकलेली ती तोफ. चाकं नाहीत, शेपटी अर्धी मातीत, अंगावर बोटभर जाडीचा शेंदूर. रजिस्टरात नोंद होती, "तोफ, लोखंडी, १ नग." मी यादीत सतराव्या क्रमांकावर तिचं नाव लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "निरुपयोगी."

तिसऱ्या दिवशी तुम्ही कारखान्याच्या खाकी कपड्यांतच सायकल दामटत आलात.

"मास्तर कुठंय? तोफ भंगारात काढायला कुनी सांगितली? त्या कागदावर तिचं नाव ज्यानं लिवलं, त्याला उभा करा माज्यासमोर!"

"हेडमास्तर मीटिंगला गेलेत," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"मग तुमी लिवून घ्या. तोफ जानार न्हाई."

"तसं तोंडी चालत नाही. अर्ज करा, दोन प्रतींत."

"माजं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय. तुमीच लिवा बाई, मी सही ठोकतो."

आणि मी लिहिला! माझ्याच यादीविरुद्धचा अर्ज, माझ्याच हाताने, चांगल्या मुद्देसूद भाषेत. गावाचा ठेवा वगैरे शब्दही मीच घातले. हेडमास्तरांनी सतरावा क्रमांक खोडला. त्यानंतर बारा वर्षं तुम्ही संधी मिळेल तिथे "तो कोन टिनपाट व्हता तोफंला भंगार म्हननारा" असं विचारत राहिलात, आणि मी दर वेळी चहा सांगितला.

शाळेच्या दारावरच्या संगमरवरी पाटीत पहिल्या महायुद्धावर गेलेल्या गावच्या माणसांची नावं आहेत. त्यात तुमच्या आजोबांचं नाव. ते बसऱ्याच्या आघाडीवर खेचरं हाकत होते. लढाई संपल्यावर सरकारने जिंकलेल्या तोफांतली एक या गावाला दिली. गावाने पुढे तिला तोफोबा केलं. दर खंडेनवमीला गुलाबआत्या तेलात शेंदूर कालवायच्या, नळीला तोंडापासून बुडापर्यंत लेप द्यायच्या आणि नारळ फोडायच्या. तुमच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट. ही तोफ नेमकी कोणती, कुणी घडवली, आणि ती परत तिच्या स्वतःच्या चाकांवर उभी राहिली पाहिजे.

"आत्या, बुडाकडचा शेंदूर जरा खरवडू द्या. खाली नंबर आसंल."

"हात लावून बघ," आत्या म्हणाल्या. "हात मोडून गळ्यात बांदीन. तोफोबा आपल्या मनानं शेंदराची खोळ टाकंल तवा टाकंल. देवाच्या अंगावरचं कुनी वरबाडून काढतं का?"

"अवो, तो देव न्हाई, तोफ हाय."

"तुज्यासाटी आसंल."

म्हणून तुम्ही थांबलात. ऊस संपून कारखान्याचा हंगाम बंद झाला की दर उन्हाळ्यात तुम्ही येऊन त्या लेपावर बोटाने टकटक करायचात, पिकलेलं कलिंगड पाहावं तसं. मी माझ्या यादीत "नंबर वाचणे" हे काम दर वर्षी नव्या पानावर उतरवून घ्यायची. इतकी वर्षं प्रलंबित राहिलेलं दुसरं काम माझ्या यादीत कधी नव्हतं.

थांबलेल्या त्या काळातच आपण नगरला गेलो. तिथे जुने रणगाडे, चिलखती मोटारी, तोफा मांडून ठेवल्या आहेत असं तुम्हाला कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं. आळेफाट्यावरून एसटी, वहिनी, तुम्ही आणि मी. मी तयारी चोख केली होती. टेप, पट्टी, आलेखाची वही, दोन पेन्सिली, डबा. आणि गेटवरच्या माणसाने सगळ्या पिशव्या ठेवून घेतल्या. उरली ती तुमच्या खिशातली डायरी आणि माझ्या केसांतली पेन्सिल.

आत ती चिलखती मोटार पाहिल्यावर तुमचं भान गेलं. पहिल्या महायुद्धाच्या काळातली, पत्र्याचं जाकीट घातल्यासारखी, वर फिरता गोल बुरूज. तोफ बघायला आलेला माणूस मोटारीच्या प्रेमात पडला. "बाई, हिचं मॉडेल करायचं. आत्ताच्या आत्ता माप घ्यायचं."

"टेप गेटवर आहे."

"हात गेटवर हाय का?"

पहारेकरी लांबून बघत होता आणि आपण दोघं त्या मोटारीला विती घालत होतो. वेळ थोडा होता म्हणून मी कामाची वाटणी केली. पुढची मापं तुम्ही, मागची मी. त्यातही माझं मागचं काम संपेपर्यंत तुम्ही पलीकडच्या तोफेकडे पळालात. ती आपल्या तोफोबाच्या घडणीची वाटत होती आणि तिला चाकं होती. त्या चाकाचं माप तुम्ही तेव्हाच घेतलंत. मला ते दिसलं, पण तुम्ही विती​त घेतलंत आणि पुढे कधीच इंचात उतरवलं नाहीत, हे मला काय माहीत!

मॉडेल करायला तुम्हाला एक अख्खा उन्हाळा लागला. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा, पावडरच्या डब्याच्या झाकणाचा बुरूज, सायकलच्या आऱ्यांच्या तुकड्यांच्या बंदुका. प्रमाण आपण सोपं ठरवलं होतं. एक वीत म्हणजे एक इंच. पुढचा भाग झाला, मागचा झाला, आणि ज्या दिवशी दोन्ही भाग जोडायला शाळेत आणले त्या दिवशी आपण दोघांनीही पट्टी लावून पाहिली. पुढून मोटार आठ इंच रुंद होती आणि मागून दहा. बसलेल्या बदकासारखी दिसत होती.

"बाई, तुमी मोजताना झोपला व्हता काय?"

"मी दहा विती मोजल्या. दोनदा."

"माज्या आठ भरल्या. ही काय चिमनीची वीत?"

"आणि तुमचा तो हात आहे की फावडं?"

शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे बघायला आले. तुमचं म्हणणं, मागचा भाग कापून नव्याने करतो. माझं म्हणणं, चूक पुढच्या भागात आहे, तो कापा. शेवटी सोल्डरने दोन्ही भाग तसेच वाकडे जोडले आणि मी ते मॉडेल ऑफिसच्या कपाटावर ठेवलं. त्यानंतर कितीदा तुम्ही कात्री घेऊन आलात आणि मी स्टूल मोडलंय म्हणून सांगितलं! हा वाद आपण कधी मिटवला नाही. मिटवायची घाई दोघांनाही नव्हती.

मग एका वैशाखात, भर दुपारी, शाळेला सुट्टी असताना, तुमचा फोन आला. एसटीडी बूथवरून. आवाज बसलेला.

"बाई, खोळ टाकली."

मी चप्पल कोणती घातली तेही पाहिलं नाही. लिंबाखाली गाव जमलं होतं. तोफेच्या बुडाकडचा शेंदराचा थर उन्हाने तडकून हातभर लांब, एकसंध, ताटासारखा खाली पडला होता. आत्या त्याच्यापुढे हात जोडून बसल्या होत्या. आणि त्या थराखालचं लोखंड! तुम्ही गुडघ्यावर बसून त्यावर तळहात फिरवत होतात. गंजाचा ठिपका नाही. नंबर, शिक्का, अक्षरं, काल ठोकल्यासारखी. "बगा, मनानं टाकली का न्हाई?" आत्या म्हणाल्या. तुम्ही मान डोलावलीत.

परत जाताना सायकल हातात धरून तुम्ही मला हळूच म्हणालात, "बाई, पूर्वी लोखंडावर पयला हात शेंदराचाच मारायचे. जवसाच्या तेलात कालवून. गंज धरू नये म्हनून. आत्यानं चाळीस-पन्नास लेप दिले, तिच्या सासूनं दिले त्ये येगळे. म्यूझियमवाल्यांनी बी एवडी निगा राखली नसती. पन हे तिला सांगू नका. डोक्यावर बसंल."

मी शब्द पाळला होता, नाना. परवा मोडला. आत्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला ठावं व्हतं. तो रोज माज्या दारावरनं जाताना मान खाली घालायचा."

नंबर मिळाल्यावर काम धडाक्याने सुरू झालं. मंचरच्या सायबर कॅफेत एका बोटाने टाइप करत मी जगभर पत्रं पाठवली. तुम्ही शेजारी बसून "बाई, जोरात दाबा, लांब जायचंय" म्हणायचात. उत्तर आलं ते जवळूनच. पुण्यातले एक निवृत्त कर्नल लेण्याद्रीच्या गणपतीला सहकुटुंब येणार होते, ते वाट वाकडी करून शाळेत थांबले. त्यांनी नळीचं तोंड मोजलं, पंचाहत्तर मिलिमीटर. नंबर पाहिला आणि सांगितलं की ही जर्मनीत घडवलेली, तुर्कांनी वापरलेली तोफ, आणि नगरला आहे ती हिचीच बहीण. म्हणजे चाकंही तीच. जाताना त्यांनी एक खूण शिकवली. तोफेच्या शेपटीला नांगराच्या फाळासारखा एक पत्रा असतो. चाकांची उंची बरोबर असेल तर तो फाळ सपाट फरशीवर पुरता टेकतो. खालून पोस्टकार्डसुद्धा सरकत नाही.

कर्नल गेल्यावर तुम्ही लिंबाखाली बसून राहिलात. मी म्हणाले, "आता तर खूश असायला हवं. तोंड का पाडलंय?"

तेव्हा तुम्ही सांगितलंत. "हिची चाकं कुटं गेली म्हाइत हाय का? गाव म्हनतं वाळवीनं खाल्ली. आमच्या आज्यानं न्हेली, बाई. आमच्या गाडीची चाकं मोडली व्हती. रातीत काडली आन् गाडीला लावली. बापाला म्हाईत, मला आन् तुमच्या वैनीला म्हाईत. पाटीवर आज्याचं नाव हाय, त्याला लोकं हात जोडतात. आन् चाकं आमच्या घरात जिरली. वरच्या लोखंडी धावासुदिक भंगारात गेल्या. ती परत बसवायची. बास, तेवडंच."

इतकी वर्षं मी समजत होते की हा तुमचा छंद आहे.

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. तुम्ही तुमच्या घरातली गोष्ट माझ्यापुढे ठेवलीत, आणि माझी तर किती लहान होती. रजिस्टरातली एक ओळ, एक शब्द. पण मी म्हणाले, "बाभूळ तोडून वाळायला टाकली पाहिजे, दोन वर्षं लागतील," आणि यादी काढली. मला अवघड वाटलं की मी यादी काढते, हे तुम्हाला ठाऊक होतंच. आणि तो अर्ज आणि ती जुनी यादी एकाच फाइलमध्ये, एकाच अक्षरात लावलेली होती. फाइल तुम्ही कितीदा चाळलीत. माझं अक्षर बारा वर्षं वाचलंत. नाना, तुम्हाला कळलं होतं का हो? "तो टिनपाट कोन" असं विचारताना तुमच्या मिशा जरा हलायच्या, असं आता मला आठवतं. की मीच तसं आठवून घेते आहे?

तर, साडेपाच वीत. मी आधी सरळ मार्ग धरला. नगर गाठलं, यावेळी गेटवर भांडून टेप आत न्यायचा निश्चय करून. ती तोफ तिथून हलवली होती. कुठे, ते गेटवरच्याला सांगता येईना. मग तुमच्या मुलाचा हात पाहिला. तो वहिनींवर गेलाय, लांबसडक बोटं, पण पंजा अरुंद. बबन सुतार म्हणाले, "अंदाजानं करू, बाई. कोन बगतंय?" मी म्हणाले, "ते बघतील."

आठवडा गेला. जुन्या पत्रव्यवहारात कुठे माप सापडतं का म्हणून कपाटावरचे गठ्ठे काढत होते, आणि ते बदक माझ्या हाताला लागलं. पुढून आठ, मागून दहा. मी स्टुलावर तशीच उभी राहिले. मोटार एकच. रुंदी एकच. तुमच्या आठ विती म्हणजे माझ्या दहा.

खाली उतरले. फूटपट्टी घेऊन स्वतःची वीत मोजली. एकोणीस सेंटिमीटर. दहा विती म्हणजे एकशे नव्वद. त्याला आठाने भागलं. तेवीस पूर्णांक पंचाहत्तर. मी कागदावर तेवढी रेघ ओढली आणि तिच्याकडे बघत राहिले. ती तुमच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची रेघ होती. फावडंच होतं, नाना. साडेपाचने गुणलं, एकशे तीस सेंटिमीटर, वर सहा मिलिमीटर. शिपायाला हाक मारून तो कागद तसाच पेठला पाठवला.

तुम्ही मागचा भाग कापला असतात, किंवा मी पुढचा कापू दिला असता, तर आज हाती काही नसतं.

बबननी चाकं वेळेत दिली. बाभळीचे आरे, मधला तुंबा. लोखंडी धावा गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चढवताना कारखान्यातले तुमचे चार सोबती आले होते. पाणी ओतल्यावर वाफेत सगळे दिसेनासे झाले, आणि आतून कुणीतरी ओरडलं, "नाना आसते तर म्हनाले आसते, डावीकडं कमी वतलं!" तुम्ही म्हणालाच असतात.

खंडेनवमीला सकाळी तोफ उचलून चाकांवर ठेवली. दहा माणसं, दोन पहारी, बाकी सगळा गाव सूचना द्यायला. आस तुंब्यात बसली. मी शेपटीखाली शहाबादी फरशी मांडून घेतली होती, पाणसळ लावून. शेपटी हळूहळू खाली सोडली. ठप्प. मी पर्समधून पोस्टकार्ड काढलं आणि फाळाच्या कडेला लावलं. डावीकडून सरकलं नाही. उजवीकडून नाही. मधून नाही. बबन शेजारी उकिडवे बसले होते. ते नुसतं "आयला" म्हणाले आणि टोपी काढली.

मग तोफ ढकलली. लिंबापासून पाटीपर्यंत, स्वतःच्या चाकांवर. पाटीवरच्या तुमच्या आजोबांच्या नावासमोर ती थांबवली. का थांबवली ते वहिनींना आणि मला ठाऊक. आत्या शेंदराची वाटी घेऊन पुढे झाल्या. तोफेला तिचा मूळ रंग द्यायला तुम्ही आणलेला राखाडी रंगाचा डबा माझ्या कपाटात आहे आणि शेंदूर की राखाडी हा आपला वाद अर्धाच राहिलाय, म्हणून मी काही बोलणार होते. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "नंबर सोडून लावते. नानाला वाचायला आसू दे."

आज सुट्टी असूनही ऑफिस उघडलं. मॉडेल पुसून कपाटावर जागच्या जागी ठेवलं, बदकासारखंच. डेडस्टॉक रजिस्टर काढलं. ते जुनं पान सापडलं, तोफ, लोखंडी, १ नग, आणि पुढे माझ्या हातचं "निरुपयोगी". खोडाखोड करायची तर लाल शाईने एक सरळ रेघ आणि बाजूला आद्याक्षरं, असा नियम आहे. तशी रेघ मारली. सही केली, पूर्ण नावाने, म्हणजे तो टिनपाट कोण होता हे तुम्हाला कधीही येऊन बघता यावं. आणि शेऱ्याच्या रकान्यात नव्याने लिहिलं, "चाकांसह."